मागच्या उजव्या दिव्यातलं पाणी

क्रुशाक, ११ मार्च २००७

ल्युबेन,

काल तुला फोन केला होता. तू तीनदा "कोण?" म्हणालास, मग मला तुझ्या खालच्या मजल्यावरची बाई समजून जिना झाडण्यावरून झापलंस आणि फोन ठेवलास. तेव्हा पत्रच बरं. कागदाशी ओरडून बोलावं लागत नाही.

करडीच्या मागच्या उजव्या इंडिकेटरमध्ये पुन्हा पाणी धरलं आहे. आधी नुसतं धुकं असायचं, काचेवर श्वास टाकल्यासारखं. आता थेंब आहेत आणि तळाशी बोटभर पाणी. नोव्हेंबरात पासिंगच्या वेळी इन्स्पेक्टर पेन्चेव्हने दिव्यावर टिचकी मारून विचारलं होतं, "मावशी, मासे कधी सोडताय यात?" तेव्हा त्याने पास केलं, पण बजावलं की पुढच्या नोव्हेंबरात दिव्यात पाणी दिसलं तर गाडी रस्त्यावर येणार नाही. आणि तू नाताळच्या पत्रात लिहिलंस की नापास झाली तर गाब्रोव्होच्या भंगारवाल्याला देऊन टाकायची.

गाडी तुझ्या नावावर आहे, मान्य. त्या काळी गाडीसाठी वर्षानुवर्षं रांगेत नाव लावून बसावं लागे. नंबर तुझा लागला आणि गाडी तू थोरल्या भावाला दिलीस, तेही मान्य. पण कामेन गेल्यावर या वयात ती चालवायला शिकले मी. इथे बस आठवड्यातून दोनदा येते, तीही तिच्या मर्जीने. करडी गेली तर आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशी नेऊ? सेव्हलिएवोच्या वाचनालयातून पुस्तकं कशी आणू? आणि टेकडीवर, कामेनच्या थडग्याकडे, आईंना काय पाठुंगळी घेऊन जाऊ?

मला कळत नाही की पाणी येतं कुठून. रविवारचंच बघ. आईंनी फाटकातून रीतीप्रमाणे मागे पाणी टाकून निरोप दिला, आभाळ कोरडं, रस्ता कोरडा, टेकडीवर जाऊन आले आणि उतरून बघते तर दिव्याला घाम.

तू आगारात तीस वर्षं बसगाड्यांची वीज सांभाळलीस. काय करू ते लिही.

तुझी वहिनी,
दाना


रूसे, १९ मार्च २००७

वहिनी,

त्या दिवशी फोनची लाइन खराब होती.

दिव्याचं शास्त्र सोपं आहे. दिवा लागला की आतली हवा तापते, विझला की निवते. निवताना ती आपल्यातलं पाणी काचेवर सोडते. म्हणजे आत दमट हवा शिरते आहे. ती शिरू दिली नाही की प्रश्न मिटला. सिलिकॉनची नळी आण आणि काचेभोवती, वायर आत जाते तिथे, मागे, खाली, जिथे म्हणून फट किंवा भोक दिसेल तिथे भर. एकही सोडू नकोस. पाणी ही चोराची जात आहे.

याहून सोपा उपाय म्हणजे दिवाच नवा बसवणं. असले दिवे भंगारात ढिगाने पडलेले असतात. आणि त्याहून सोपा म्हणजे गाडी विकणं. तुझ्या वयाला बसच बरी. आणि तिला करडी म्हणणं सोड. गाय आहे का ती?

ईस्टरला यायला जमणार नाही. आमच्या इमारतीच्या जिना समितीचा मी अध्यक्ष आहे आणि सध्या रंगकाम काढलं आहे. आईला म्हणावं, औषध वेळेवर घे.

ल्युबेन


क्रुशाक, २० एप्रिल २००७

ल्युबेन,

तू सांगितलंस तसं केलं. एकही भोक सोडलं नाही. आता दिव्यात मासे सोडायला खरंच हरकत नाही.

पाणी आत जायचं ते गेलंच, पण बाहेर यायची जी काही वाट होती ती तुझ्या सिलिकॉनने बंद केली. बल्बचं बूड पाण्यात आहे. उजवीकडे वळताना दिवा लागतो, पण तळ्यात चंद्र पडल्यासारखा. मागून येणारे हॉर्न वाजवतात. त्यांना वाटतं म्हातारीने मेणबत्ती लावली आहे.

डेअरीत होते तेव्हा चीजच्या कोठीच्या भिंती अशाच पाझरायच्या. आम्ही तेव्हा झरोका उघडायचो. म्हणून शंका आली आणि वाचनालयातून शाळेचं भौतिकशास्त्राचं पुस्तक घेतलं. ग्रंथपाल वेसा म्हणाली, "दानामावशी, परीक्षेला बसताय की काय?" म्हटलं, "मी नाही गं, गाडी बसतेय." रात्री वाचलं. दव कसं पडतं ते समजलं. आपल्या दिव्यात का पडतं ते पुस्तकात नाही.

आईंनी ईस्टरला तुझ्या नावाचं लाल अंडं काढून ठेवलं आहे. मागच्या वर्षीचं आणि त्याच्या आदल्या वर्षीचंही तिथेच देवापुढे आहे. जिन्याचा रंग वाळला की कळव.

दाना


रूसे, २ मे २००७

वहिनी,

मी फटी बुजवायला सांगितलं होतं, दिव्याचं नाक नव्हे. तळाशी एक बारीक भोक असतं. दिवा त्यातून श्वास घेतो आणि साचलेलं पाणी सोडतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून मी वेगळं लिहिलं नव्हतं.

आता असं कर. ते भोक तापलेल्या सुईने मोकळं कर. काच काढून आत केस वाळवायचा ड्रायर मार, चांगला गरम. काचेखालची रबरी पट्टी कडक झाली असेल तर बदल. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या निघतात, त्यातली एक दिव्यात ठेव, बल्बपासून लांब.

आणि हे सगळं करायचं नसेल तर उपाय सोबत पाठवला आहे. सेव्हलिएवोच्या बसच्या ड्रायव्हरकडे पुडकं दिलंय. आत दिवा आहे, करकरीत नवा. दोन स्क्रू काढायचे, दोन स्क्रू लावायचे, विषय संपला.

ल्युबेन


क्रुशाक, १० जून २००७

ल्युबेन,

पुडकं पोचलं. आभारी आहे.

भोक मोकळं केलं. ड्रायर मारला. तू "चांगला गरम" लिहिलं होतंस, मी चांगला गरम मारला, आणि काचेचा एक कोपरा पापडासारखा वाकला. ती काच म्हणजे प्लास्टिक असतं हेही शेंबड्या पोराला माहीत असणार. नवी रबरी पट्टी बसवली, पण वाकलेल्या कोपऱ्याशी ती भिडत नाही.

पुड्या दोन मिळाल्या. एक दिव्यात ठेवली. दुसरी आईंनी उशाखाली घेतली. गुडघ्याला उतार पडतो म्हणतात.

मागच्या आठवड्यात चार दिवस गाडी हलवली नाही. दिवा कोरडा ठणठणीत. वाटलं जिंकलो. शुक्रवारी आईंना डॉक्टरकडे नेलं, दवाखान्याच्या दारात बघते तर पुडीचा गच्च लगदा.

नवा दिवा अजून लावला नाही. त्याचा रंग जरा वेगळा आहे. जुना नारिंगी, हा पिवळट. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, बरं दिसत नाही.

दाना


रूसे, २१ जून २००७

वहिनी,

रंग! तुझी गाडी काय लग्नाच्या वरातीत जाणार आहे? त्या दिव्यासाठी मी तीन ठिकाणी हिंडलो. आणि मूळ रंग पिवळटच असतो. जुन्याचा नारिंगी म्हणजे उन्हाने जळलेला.

मला वाटतं, तुला गाडी पास व्हायला नकोच आहे. नापास होऊ दे, म्हणजे दोष ल्युबेनच्या सिलिकॉनचा. भंगारवाल्याशी बोललो आहे. डिसेंबरात येऊन घेऊन जाईल म्हणतो.

एक तर दिवा बदल, नाहीतर का बदलत नाहीस ते मला पटेल असं लिही.

ल्युबेन


क्रुशाक, ३ जुलै २००७

ल्युबेन,

लिहिते.

कामेनच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला एक अनोळखी माणूस आला होता. तू त्याच्या कितीतरी आधीच परत गेला होतास. तो रस्ते दुरुस्त करणाऱ्या टोळीतला. कामेन सगळ्यात आधी त्यालाच सापडला होता. त्याने उकडलेल्या गव्हाचा घास घेतला, मग मला बाजूला बोलावून म्हणाला, "बाई, तुम्हाला सांगावं की नाही कळत नव्हतं. मला वाटलं गाडी बंद पडली असेल. नीट कडेला घेतलेली, हातब्रेक ओढलेला आणि उजवा इंडिकेटर चालू. मी काचेवर टकटक केली, की मालक, ढकलू का जरा." बॅटरी उतरत आली होती, तो म्हणाला. दिवा मंद झाला होता, पण लुकलुकत होता.

छातीत कळ आली तेव्हा कामेनने आधी मागच्यांना सांगितलं, की मी बाजूला होतो आहे. तुला तो माहीत आहेच. ताटातून उठतानाही विचारायचा.

तेव्हापासून मला अधूनमधून वाटतं की त्याने शेवटचं जे काही सांगितलं ते त्या दिव्याने सांगितलं. हे खरं नाही हे मला कळतं. मी भौतिकशास्त्र वाचलंय. पण तो काढून कचऱ्यात टाकायचा आणि तिथे दुसरा लावायचा, हे माझ्या हाताने होणार नाही. हसायचं असेल तर हस.

नवा दिवा कपाटात नीट ठेवला आहे.

दाना


रूसे, ३० जुलै २००७

वहिनी,

दिवा बदलू नकोस.

नवा परत पाठव. नको, ठेव. त्यातला बल्ब कामाला येईल.

तुझं जूनचं पत्र पुन्हा वाचलं. गाडी उभी असताना दिवा कोरडा, बाहेर पडली की ओला. म्हणजे पाणी शेड आणि रस्ता यांच्यामध्ये कुठेतरी आहे. शेडच्या छपरातून गळतं का? वाटेत डबकं आहे? कोंबड्यांची पन्हळ? शेडमधून निघाल्यापासून रस्त्याला लागेपर्यंत काय काय होतं ते सगळं लिही. क्षुल्लक म्हणून काही गाळू नकोस.

ल्युबेन


क्रुशाक, १२ ऑगस्ट २००७

ल्युबेन,

छप्पर गळत नाही. डबकं नाही, पाऊस जूननंतर नाही. पन्हळ दुसऱ्या अंगाला आहे. गाडी मी धूत नाही. पावसाचा, धुण्याचा, कशाचा म्हणून थेंब तिला लागत नाही.

तू विचारलंस म्हणून काल मुद्दाम लक्ष ठेवलं. शेड उघडते. करडी मागे घेत अंगणात आणते, वळवते. दिवा बघितला, कोरडा. आई येऊन फाटक उघडतात. मी बाहेर निघते, आई कळशीभर पाणी मागे ओततात, मी रस्त्याला लागते. पुलापाशी उतरून बघितलं. ओला.

तेव्हा मधे काहीच होत नाही. मला वाटतं दिवाच आतून पाझरतो.

मिरच्या यंदा उत्तम आहेत. भाजायला घेतल्या की घर आठवडाभर धुरात असतं, आणि तुझी आई खोकत-खोकत म्हणते की ल्युबेनला हा वास आवडायचा.

दाना


रूसे, २० ऑगस्ट २००७

वहिनी,

तुझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद परत वाच. हळू वाच.

वाचलास?

मी स्वतः तो दोनदा वाचून पुढे गेलो होतो. तिसऱ्यांदा वाचताना खुर्चीतून उठलो. मार्चच्या पत्रातही तू तेच लिहिलं आहेस आणि मी त्यावर सिलिकॉनची नळी सुचवली आहे. आपण पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो, की निघणाऱ्याच्या मागे पाणी ओतलं की वाट पाण्यासारखी सरते. त्यामुळे ते पाणी आहे हेच डोक्यात आलं नाही. मी पाऊस धरला, धुकं धरलं, कोंबड्या धरल्या. आईचं पाणी मी पाण्यात धरलंच नाही.

पण कळशी? आमच्या वेळी पेलाभर असायचं!

उपाय आता सोपा आहे. तिला सांग, बंद कर. माझं नाव सांग. सोबत वेगळा कागद जोडला आहे, तो तिला जसाच्या तसा वाचून दाखव.

ल्युबेन

"आई, गाडीच्या मागच्या उजव्या दिव्यात पाणी शिरत असून त्याचं कारण तू आहेस. सबब, यापुढे गाडीमागे पाणी ओतू नये. प्रवासाची सुरक्षितता पाण्यावर नसून दिव्यांवर अवलंबून असते. औषध वेळेवर घे. ल्युबेन."


क्रुशाक, १६ सप्टेंबर २००७

ल्युबेन,

तो कागद मी वाचून दाखवला नाही. का ते सांगते, मग शिव्या घाल.

तुमच्या वेळी पेलाभर होतं. कळशी तीन वर्षांपूर्वी आली. कामेन गेला त्या सकाळी आई त्याच्यावर रुसल्या होत्या. त्याने परसातलं जुनं मेडलराचं फळझाड त्यांना न विचारता तोडलं होतं. तो निघाला तेव्हा त्या फाटकाशी आल्या नाहीत. पाणी ओतलं नाही. यावर त्या आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत, मीही नाही. फक्त चाळिसावा झाल्यावर मी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली, तेव्हा त्या कळशी घेऊन उभ्या होत्या. आता त्यांना मी सांगू, की तुमच्या पाण्याने गाडी बिघडते, बंद करा? तूच सांग, कुठल्या तोंडाने?

बाकीचे उपाय करून पाहिले. दिव्याला प्लास्टिकची पिशवी बांधली. आईंनी ती सोडली. म्हणाल्या, "जखमेला पट्टी बांधल्यासारखं काय हे, अभद्र," आणि ओतलं. मग एकदा करडी इंजिन न लावता उतारावरून तशीच सोडली. दुकानापाशी आरशात बघते तर आई सपाता फटफटवत, कळशी कवेत घेऊन मागून येताहेत. सगळी म्हातारी मंडळी बाकावरून उठून उभी राहिली. थांबावंच लागलं. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं, उरलेलं दिव्याला मिळालं.

आता कागदाचं. आईंना कळलं होतं की तुझं पत्र आलंय. मला समोर बसवून म्हणाल्या, "वाच."

मी म्हटलं, "लिहितो, आई, तू कशी आहेस?"

"खोटं. तो असलं लिहीत नाही."

"औषध वेळेवर घे म्हणतो."

"हां, हे त्याचं. पुढे?"

पुढे तुझं "सबब" आणि "ओतू नये" होतं. माझी जीभ उचलेना. म्हटलं, "लिहितो, नोव्हेंबरात पासिंगला मी स्वतः येतो."

आईंनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं. कागदावर नसलेली ओळ दुसऱ्यांदा वाचणं पहिल्यापेक्षा सोपं जातं, हे मला नव्याने कळलं.

पासिंग चौदा तारखेला आहे.

दाना


रूसे, ३० सप्टेंबर २००७

वहिनी,

हा विश्वासघात आहे. पत्र ही सरकारी मोहोर असलेली वस्तू आहे, तिच्यात कुणी मनाने भर घालत नाही.

मी येणार नाही. कारण विचारशील, म्हणून एकदाच लिहितो. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाहेर आलो तर ती गाडी फाटकाशी उभी होती. पोलिसांनी आणून लावलेली. मला वाटलं, आता दार उघडून हा उतरेल आणि विचारेल, "निघालास? थांब, स्टँडवर सोडतो." मी कुणाला न सांगता तसाच चालत गेलो. आजही तिच्यासमोर उभं राहायची माझी तयारी नाही. म्हणून विक म्हणत होतो. ती विकली गेली असती तर मी आलो असतो.

भंगारवाल्याशी माझं कधी बोलणं झालेलं नाही. गाब्रोव्होत भंगारवाला आहे की नाही हेही मला माहीत नाही.

आईला सांग, जमत नाही.

ल्युबेन


क्रुशाक, ९ ऑक्टोबर २००७

ल्युबेन,

आईंनी तुझी रजई उन्हात घातली आहे. मिरच्यांच्या चटणीच्या बरण्यांतल्या पाच तुझ्या म्हणून वेगळ्या काढल्या आहेत, आणि शेजारच्या प्रत्येक बाईला माझ्यादेखत सांगितलं आहे की मुलगा गाडीची परीक्षा घ्यायला येतोय.

मी त्यांना एकदा खोटं वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा खरं वाचून दाखवायची माझ्यात हिंमत नाही. जमत नाही हे तूच सांग त्यांना. फोनवर.

दाना


क्रुशाक, १८ नोव्हेंबर २००७

ल्युबेन,

पहाटेच्या बसने गेलास. कॉफीचा कप धुऊन पालथा घातलेला दिसला, तेव्हा कळलं. या खेपेला कप तरी धुतलास.

तू इथे होतास तेव्हा फार बोलता आलं नाही, कारण तुझ्याशी दोन शब्द बोलायचे म्हणजे सगळ्या गावाला ऐकवावे लागतात. तेव्हा तुला जे ऐकू आलं नाही ते लिहिते.

तू मंगळवारी आलास आणि करडीला वळसा घालून, कोंबड्यांच्या खुराड्यामागून घरात गेलास, ते आईंनीही पाहिलं. बुधवारी सकाळी शेडमध्ये आवाज आला म्हणून डोकावले, तर तू गुडघे टेकून दिवा पुसत होतास. मी तशीच परत फिरले. तू तिच्याशी बोलत होतास की कुणाशी ते मला माहीत नाही. तुला वाटतं तू कुजबुजतोस, पण तसं नसतं. असो.

मग मी गाडी फाटकातून काढली. आरशात बघितलं तर तू मागे दिव्याला पाठ लावून उभा, ओव्हरकोटाची दोन्ही टोकं पसरून, शेतातल्या बुजगावण्यासारखा. डोळे मिटलेले. समोर आई, कळशी घेऊन. मला वाटलं आता त्या थांबतील, विचारतील. त्यांनी जराही वेळ लावला नाही. अख्खी कळशी तुझ्या छातीवर.

गाडीत बसलास तेव्हा तू निथळत होतास. मी हीटर लावला, आणि पुलाच्या वळणाशी पोचेतो सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या. वर्षभर आपण दिव्याच्या काचेचा विचार केला, हिचा केला नव्हता. पुढचं दिसेना. मी उजवा इंडिकेटर दिला आणि करडी कडेला घेतली. तुला त्याची टिकटिक ऐकू येत नाही हे माझ्या लक्षात नव्हतं. तू समोरच्या डॅशबोर्डवर तळहात ठेवलास, तेव्हा लक्षात आलं. काचा केव्हाच निवळल्या होत्या. तू हात काढला नाहीस, मी गाडी हलवली नाही. पेन्चेव्हने दिलेली वेळ गेली ती तिथे.

तुला वाटलं तो उशिरासाठी रागावला. तो रागावला नव्हता. दिव्यावर टिचकी मारली, आत डोकावला, मग तुझ्याकडे बघितलं, आणि मला विचारलं, "मावशी, दिव्यातलं पाणी काढून काकांमध्ये भरलंत की काय?" आणि शिक्का मारला. तू मान हलवून "धन्यवाद" म्हणालास तेव्हा तो तोंड फिरवून हसत होता.

आता आजचं. आई उठल्या. मी म्हटलं, "गेला."

"माहीत आहे," म्हणाल्या. "मला एक सांग, त्या दिवशी तो दिव्यापुढे पंख पसरून कशाला उभा होता?"

मी सगळं सांगितलं. सिलिकॉन, ड्रायर, पुड्या, पिशवी, तुझा कागद, मी वाचलेला कागद. झाडाचं आणि त्या सकाळचं तेवढं बोलले नाही. त्या ऐकत होत्या.

"म्हणजे तुम्ही दोघं मार्चपासून यावर पत्रं लिहिताय?"

"हो."

"दिव्यावर पाणी पडतं म्हणून?"

"हो."

"अगं, मग सांगायचं की! मी चाकावर ओतलं असतं. मागे पडल्याशी कारण. दिव्यावरच ओता असं कुठे सांगितलंय?"

मी कपाळाला हात लावला. एवढा खटाटोप, एवढी तिकिटं, आणि त्या बाईला विचारायचं तेवढं राहिलं. मग जरा रागानेच म्हटलं, "पण आई, तो मधे उभा होता. तुमच्या डोळ्यांना दिसला नाही का? थंडीत म्हातारा माणूस चिंब केलात."

"दिसला की. एवढं थोरलं ध्यान न दिसायला मी काय आंधळी झाले? मागच्या खेपेला न सांगता पळाला तो. या खेपेलाही पळणार हे आला त्या रात्रीच जेवताना त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पहाटे मला कोण उठवणार? म्हणून त्याच्या वाटेचं आधीच ओतून घेतलं."

दाना